नाव नसलेले कार्ड आणि दुसऱ्याच कार्डाचा जंपर-तक्ता

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : जुने मल्टी आय/ओ कार्ड चुकीच्या माहितीसह विकल्याबद्दल तक्रार

महोदय,

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचे छोटे वर्कशॉप आहे. बाबांनी घेतलेली सीएनसी लेथ अजून रोज चालते. तिला प्रोग्राम पाठवतो तो १९९६ चा डॉसवरचा पेंटियम. मे महिन्यातल्या वळवात वीज कडाडली आणि त्याचा कॉम २ पोर्ट (दुसरा सीरियल पोर्ट, लेथची केबल जोडायची जागा) गेला. बाकी संगणक ठणठणीत आहे. मला फक्त एक सीरियल पोर्ट हवा होता, म्हणून तुमच्याकडून जुन्या संगणकाच्या आयएसए खाचेत बसणारे मल्टी आय/ओ कार्ड मागवले; त्यावर सीरियलबरोबर पॅरलल पोर्ट आणि हार्ड डिस्क-फ्लॉपीचे कंट्रोलरही असतात. कुरिअरसह ३,२०० रुपये भरले. जाहिरातीत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या : ‘तपासलेले’ आणि ‘जंपर सेटिंगचा कागद सोबत’.

पार्सलमध्ये कागद नव्हता. कार्डावर कंपनीचे नाव नाही, मॉडेल नाही, मागे फक्त ‘मेड इन तैवान’. जंपर म्हणजे कार्डावरच्या पिना; त्यांवर छोटी कॅप बसवून किंवा काढून कार्डाचे भाग चालू-बंद करतात. त्यातल्या दोन कॅप निघून पिशवीच्या तळाशी पडल्या होत्या. तुमच्या प्रतिनिधींना फोन केला, तर ते म्हणाले, “जंपर आहेत तसेच राहू द्या, मॅडम.” ज्या कॅप पिशवीत पडल्या आहेत त्या ‘आहेत तशा’ कशा ठेवायच्या?

तरी कार्ड बसवले. संगणक सुरू होताना ‘एचडीडी कंट्रोलर फेल्युअर’ लिहून थांबला. कारण उघड होते. आमच्या मदरबोर्डवर हार्ड डिस्कचा कंट्रोलर आहेच, आणि तुमच्या कार्डावरचाही चालू होता. दोघेही १एफ० याच पत्त्यावर उत्तर देऊ लागले, तर डिस्क कशी सापडणार? कार्डावरचा आयडीई (हार्ड डिस्कचा) आणि फ्लॉपीचा भाग बंद करायला हवा होता, आणि तो बंद होतो जंपरने.

दोन दिवसांनी तुम्ही ईमेलने एक तक्ता पाठवला. त्यात लिहिले होते की जेपी ३ काढला की आयडीई बंद. मी काढला. काही फरक पडला नाही, कारण आमच्या कार्डावर जेपी ३ पहिल्या सीरियल पोर्टचा पत्ता ठरवतो. तक्ता दुसऱ्याच कार्डाचा होता. एकच चिप घेऊन अनेक कारखान्यांनी अशी कार्डे काढली, आणि जंपरचे क्रमांक प्रत्येकाने आपापल्या मनाने छापले. जुने सुटे भाग विकणाऱ्याला एवढे माहीत असायलाच हवे.

शेवटी आम्ही भिंग घेऊन बसलो. मोठी चिप विनबाँडची, डब्ल्यू ८३७५७, तिच्यावर ९४१२, म्हणजे १९९४ चा बारावा आठवडा. तिची डेटाशीट, म्हणजे कोणता पाय कशाचा ते सांगणारा कागद, शोधली. मग मल्टिमीटर बीपवर लावला, एक टोक जंपरच्या पिनेला आणि दुसरे चिपच्या पायाला. इंटरप्टच्या (पोर्ट प्रोसेसरला हाक देतो त्या आयआरक्यू लाइनच्या) जंपरसाठी कार्डाच्या कडेच्या सोन्याच्या पट्ट्या तपासल्या. सोल्डरच्या बाजूची पंचविसावी पट्टी आयआरक्यू ३ ची, चोविसावी आयआरक्यू ४ ची. ज्या पिनेवर बीप वाजली ती वहीत टिपली. नऊ जंपरना दोन संध्याकाळी लागल्या. आयडीई, फ्लॉपी, पॅरलल आणि एक सीरियल बंद केला, उरलेला सीरियल कॉम २ च्या नेहमीच्या जागी, २एफ८ पत्ता आणि आयआरक्यू ३ वर ठेवला. डॉसच्या डीबगमध्ये मेमरी दाखवणारी ‘डी ४०:०’ ही आज्ञा दिल्यावर पहिल्या ओळीत एफ८ ०३ एफ८ ०२ दिसले, आणि मी खुर्चीत मागे टेकले. म्हणजे ३एफ८ आणि २एफ८, दोन्ही पोर्ट हजर होते. कार्ड उत्तम आहे, हे मी मुद्दाम लिहिते.

म्हणूनच राग जास्त येतो. कार्ड खरोखर तपासले असेल, तर ते कुठल्यातरी संगणकात लावले असेल आणि त्या वेळी जंपर कुठेतरी बसवलेले असतील. तेवढा एक फोटो काढून ठेवला असता तर आमची लेथ चार दिवस बंद राहिली नसती. फाउंड्रीवाल्याचे जॉब अडले, त्याला मला दोनदा फोन करून माफी मागावी लागली. आणि तपासलेच नसेल, तर तो शब्द जाहिरातीत का?

माझ्या मागण्या अशा. कागद न देता पूर्ण किंमत घेतली, म्हणून १,००० रुपये परत करा. ‘तपासलेले’ म्हणजे नेमके काय केले ते लेखी कळवा. यापुढे बिननावाचे कार्ड विकताना दोन्ही बाजूंचे फोटो, चिपवरचे आकडे आणि तपासताना जंपर कसे होते ते द्या. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

पावतीची प्रत, कार्डाचे फोटो आणि आम्ही काढलेला नऊ जंपरांचा तक्ता सोबत जोडला आहे. याच कार्डाचे आणखी नग तुमच्या यादीत अजून दिसतात. ते जो कोणी घेईल, त्याच्या पार्सलमध्ये हा तक्ता घाला.

आपली,
एक ग्राहक
(नाव व पत्ता पावतीप्रमाणे)