बाबा, तुमच्या कोरियाच्या प्रश्नावर

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं ना, की पोलंडने ऑगस्ट २०२२ मध्ये कोरियाशी करार केला आणि डिसेंबरात के-टू रणगाडे न् के-नाइन तोफा जहाजातून उतरल्यासुद्धा, मग आपल्याकडेच एवढी वर्षं का लागतात? तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली आणि विषय राहिला, पण माझ्या डोक्यातून तो जात नाहीये म्हणून आज बसून लिहितेय.

रणगाडा आणि तोफ दोन्ही मी राहते त्या इथेच, दक्षिण कोरियातल्या चांगवोनमध्ये बनतात. हे गावच १९७४ पासून अवजड यंत्रांच्या कारखान्यांसाठी वसवलेलं आहे, आणि त्यामागे भीती होती बाबा, जिद्द वगैरे नंतर आली. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी १९६९ मध्ये सांगून टाकलं की आशियातल्या मित्रांनी आपापलं रक्षण आधी स्वतः करावं, आणि १९७१ मध्ये अमेरिकेने कोरियातली एक अख्खी डिव्हिजन, वीसेक हजार सैनिक, परत नेली. उत्तर कोरिया उंबऱ्यावर, आणि ज्याच्या भरवशावर बसलो तोच निघाला. इथले तेव्हाचे अध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी १९७० मध्येच संरक्षण संशोधनाची सरकारी संस्था काढली होती, तिला मग जोर आला. एम-सिक्स्टीन रायफल अमेरिकन लायसन्सवर, पहिला के-वन रणगाडा अमेरिकेतल्या क्रायस्लरने डिझाइन केलेला, म्हणजे सुरुवात तुमच्या ओझरच्या विमान कारखान्यासारखीच, दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर. पण के-वनचं काम चालू असताना इथल्या माणसांना डिझाइन शिकवत ठेवलं, म्हणून के-टू त्यांचा स्वतःचा झाला. आणि शेजाऱ्याच्या धास्तीने कारखान्यातली लाइन कधी थंड पडू दिली नाही, म्हणून पोलंडला चार महिन्यांत माल देता आला.

पण हा अमेरिकन मित्र लगामही हातात ठेवतो. १९७८ मध्ये कोरियाने स्वतःचं क्षेपणास्त्र उडवून दाखवलं तर अमेरिकेला काळजी वाटायला लागली, १९७९ मध्ये यांच्याकडून कबूल करून घेतलं की १८० किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. ही मर्यादा हळूहळू सैल होत पूर्ण उठायला २०२१ उजाडलं! नवीन लढाऊ विमानासाठी चार तंत्रज्ञानं मागितली, त्यात रडारचंही होतं, २०१५ मध्ये स्पष्ट नकार आला. मग ते रडार यांनी इथेच बनवलं आणि जुलै २०२२ मध्ये ते विमान, केएफ-२१, उडालं. इंजिन मात्र अजून अमेरिकन एफ-४१४, त्याची जुळणी याच गावात होते. म्हणजे उद्या हे विमान कुणाला विकायचं तर वॉशिंग्टनचा होकार लागणार.

आता आपलं. रशियाने आपल्याला खूप दिलं, हे मी कधीच नाकारणार नाही, १९६४ पासून ओझरला मिग उभं राहिलं आणि त्यावर आपलं घर चाललं. मी लहान असताना तुम्ही रात्री जेवताना सांगायचात की रिव्हेट जरा तिरका बसला तरी हाताला कळतो, नजरेला नाही. असा हात तयार झालेली हजारो माणसं नाशिकमध्ये आहेत. पण लायसन्समध्ये भाग कसा बनवायचा ते मिळतं, तो एवढाच जाड का ठेवला ते मिळत नाही. त्याच सुमारास आपलं स्वतःचं मारुत विमान होतं, १९६१ मध्ये उडालेलं, त्याला हवं तसं इंजिन मिळालं नाही आणि मिग तयार मिळत होतं. तिथे डिझाइनचा धागा तुटला असं मला मनापासून वाटतं आणि वाईटही वाटतं. मग १९९१ ला सोव्हिएत युनियनच गेलं आणि स्पेअरसाठी सगळ्यांची किती धावपळ झाली ते तुम्ही जवळून बघितलंय.

१९९८ मध्ये पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध लावले, आपल्या तेजस लढाऊ विमानाच्या फ्लाइट कंट्रोलवर, म्हणजे उडताना त्याचा ताबा ठेवणाऱ्या यंत्रणेवर, तिकडे काम करणारी आपली माणसं परत आली आणि ते काम त्यांनी इथे पूर्ण केलं, २००१ मध्ये विमान उडालंसुद्धा. म्हणजे जमतं आपल्याला. फरक एवढाच दिसतो की कोरियाने मित्र जवळ असतानाच तो जाणार असं धरून तयारी केली आणि आपण बहुतेक वेळा दार बंद झाल्यावर हातपाय हलवले. आणि आताही तेजसचं इंजिन अमेरिकेतूनच येतं, ते उशिरा आलं की विमानं तयार असून उभी राहतात, हे वाचून मला झोप लागत नाही.

देवळालीला २०१८ मध्ये जी के-नाइन वज्र दाखल झाली ती मूळची याच गावची आणि आपल्याकडे गुजरातच्या हजिऱ्यात बनलेली, तिच्याबरोबर आपल्या पोरांना नुसती जुळणी नाही तर पुढची तोफ आखायला मिळावी एवढंच मला वाटतं.

बाबा, एक काम करा. तुमच्या बॅचचे जे काका अजून नाशिकरोडला भेटतात त्यांना बसवून, जे ड्रॉइंगवर नव्हतं आणि हाताने शिकावं लागलं ते सगळं लिहून काढा, मी टाइप करून देते. आई, तू त्यांच्या मागे लाग, तुझंच ऐकतात ते. आणि बीपीची गोळी चुकवू नकोस.

तुमची,
सोनू