एसयूव्हीच्या टेललाइटचे बल्ब घरी बदलायला शिकवणाऱ्या इलेक्ट्रिशियन काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

सोसायटीच्या पार्किंगमधल्या जुन्या एसयूव्हींचे मागचे दिवे आता आमचे आम्ही बघतो, ते तुमच्यामुळे. एवढ्याशा बल्बसाठी गाडी दुकानात आणू नका म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवणारा आणि वर कामही समजावून देणारा ऑटो इलेक्ट्रिशियन सहसा भेटत नाही. नुसतं ‘धन्यवाद’ म्हणण्यापेक्षा तुम्ही शिकवलेलं लिहूनच काढतो. फिलामेंटचे बल्ब असलेल्या गाड्या अजून पुष्कळ आहेत, त्यांच्या मालकांना उपयोग होईल.

सगळ्यांत मोठे उपकार म्हणजे हातात पाना घेण्याआधी तुम्ही आम्हाला दिवे नीट बघायला लावलंत. मागच्या लाल दिव्यात बहुधा एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात: पार्किंगचं ५ वॅटचं आणि ब्रेकचं २१ वॅटचं. पार्किंग लागतंय म्हणजे दिवा ठीक आहे, अशी समजूत होते आणि ब्रेकचं फिलामेंट गेलेलं फक्त मागून येणाऱ्याला दिसतं. दोन्ही बाजूंचे ब्रेकलाइट एकदमच गेले असतील तर मात्र बल्ब खोलायचेच नाहीत. आधी फ्यूज बघायचा, मग ब्रेकच्या पेडलवरचा स्विच. इंडिकेटर एका बाजूला भरभर मिचकू लागला तर त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेलेला असतो, कारण लोड कमी झाला की फ्लॅशरची, म्हणजे इंडिकेटर मिचकवणाऱ्या रिलेची, गती वाढते. नियमाप्रमाणे ती मिनिटाला ६० ते १२० वेळा हवी.

अर्थिंगची खूण तर आम्ही पाठच केली आहे. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटरबरोबर पार्किंगही लुकलुकतं, तेव्हा बल्ब निर्दोष असतो. अर्थ, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यावाटे परत नेणारी जोडणी, तुटलेला असतो, करंटला परतायला सरळ वाट नसते, म्हणून तो शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो. अशा वेळी नवे बल्ब घालणं म्हणजे पैसे वाया. अर्थचा स्क्रू सोडायचा, खालचा गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करायचा आणि परत आवळायचा. दुसरी खूण त्याहून फसवी: ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे उजळतात. बल्बमधलं तुटलेलं फिलामेंट लोंबून दुसऱ्याला चिकटलं की ब्रेकचा करंट पार्किंगच्या लाइनीत शिरतो. ही तक्रार आली की बहुतेक जण वायरिंगच्या मागे लागतात, आणि दोष एका बल्बचा असतो.

दुकानात मागायचं काय, तेही तुमच्यामुळे पक्कं झालं. पार्किंग आणि ब्रेकसाठी पी२१/५डब्ल्यू, म्हणजे डबल कॉन्टॅक्ट (तळाशी दोन पॉइंट). रिव्हर्ससाठी बहुतेक ठिकाणी पी२१डब्ल्यू, सिंगल कॉन्टॅक्ट. इंडिकेटरची काच पांढरी असेल तर पीवाय२१डब्ल्यू हा नारिंगी बल्ब. नारिंगी बल्बच्या पिना समोरासमोर नसतात, त्यामुळे साधा बल्ब त्या होल्डरमध्ये बसत नाही. त्याचा रंग उडाला असेल तर पेटत असूनही बदलायचा, नाहीतर इंडिकेटर पांढरा दिसतो. जुना बल्ब खिशात घालून नेणं सगळ्यांत खात्रीचं, त्याच्या पितळी टोपीवर नंबर कोरलेला असतो. काच आतून काळसर झालेली दिसली तर टंगस्टन उडून तिथे बसलंय, फार दिवस टिकणार नाही. दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदलावेत.

खोलण्याचं काम सोपं, पण मोडतोड तिथेच होते. इग्निशन आणि दिवे बंद, बल्ब गार होऊ द्यायचा, डिकी उघडायची. दिव्याच्या आतल्या कडेला बहुधा दोन स्क्रू किंवा दहाच्या पान्याचे दोन बोल्ट असतात. खालच्या फटीत फडकं कोंबून मगच सोडायचे, नाहीतर बोल्ट बंपरमध्ये गडप होतो. बाहेरच्या कडेला दिवा प्लास्टिकच्या पिनांवर अडकलेला असतो. इथे बहुतेकांचा हात चुकतो: दिवा बाजूला ओढतात आणि पिन तुटते. दोन्ही हातांनी धरून सरळ मागे, म्हणजे आपल्याच अंगाकडे ओढायचा. अडला तर प्लास्टिकची पट्टी, स्क्रू ड्रायव्हर नाही. शेजारच्या रंगावर मास्किंग टेप लावली की ओरखडा पडत नाही. कनेक्टर काढताना लॉक दाबून कनेक्टरच धरायचा, वायर ओढायची नाही.

होल्डर घड्याळाच्या उलट्या दिशेने पाव फेरा फिरवला की सुटतो. बल्ब आत दाबून थोडा फिरवला की तोही निघतो. काच फुटली असेल तर हातमोजे घालून नोज प्लायरने पितळी टोपी धरायची. नवा बसवण्याआधी होल्डरचे पॉइंट बघायचे: हिरवट थर किंवा काळा कार्बन असेल तर घासून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा. पॉइंटचं स्प्रिंग बसलं असेल किंवा प्लास्टिक वितळलं असेल तर होल्डरच बदलायचा, नवा बल्ब तिथे टिकत नाही. हाताचं तेल बल्बला लागू नये म्हणतात, ते हेडलाइटच्या हॅलोजनसाठी खरं. या साध्या काचेला फारसा फरक पडत नाही, तरी फडक्याने धरलेला बरा.

डबल कॉन्टॅक्टच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, हे तुम्ही बल्ब आडवा धरून दाखवलंत. होल्डर सैल झालेला असला तर जोर लावून बल्ब उलटाही बसतो. मग पार्किंगला २१ वॅटचं फिलामेंट सतत जळत राहतं, होल्डर वितळू लागतो आणि ब्रेक दाबल्यावर उजेडात जेमतेम फरक पडतो. सहज बसत नसेल तर काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायचा.

बोल्ट लावण्याआधीच सगळं तपासायचं: पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स. मदतीला कुणी नसेल तर संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करायची आणि आरशात भिंतीवरचा उजेड बघायचा. रिव्हर्सला इंजिन सुरू करायची गरज नाही; हँडब्रेक ओढून, इग्निशन ऑन करून गिअर टाकला की पुरतं. मग पिना भोकांसमोर आणून दिवा सरळ आत दाबायचा आणि बोल्ट हलक्या हाताने आवळायचे. प्लास्टिकच्या स्टडवर नट असतील तर जास्त पिळल्यावर स्टडच चिरतो.

एलईडी बल्बबद्दल तुम्ही नको म्हणालात, तेव्हा काहींनी नाक मुरडलं होतं. आता पटलं. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेच्या हिशेबाने घडवलेला असतो, त्यामुळे एलईडी जवळून झगझगीत आणि लांबून विरळ दिसू शकतो. इंडिकेटरला तो घातला की लोड कमी पडून फ्लॅशर धावतो. मग ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर जोडतात, जो सुमारे २ अँपिअर ओढतो आणि चटका बसेल एवढा तापतो. प्लास्टिकला टेकला तर दिव्याची बॉडीच वितळते. ज्याला लावायचाच असेल त्याने रेझिस्टर पत्र्यावर बसवावा, पण मुळात आमचंही मत आता तुमच्यासारखंच.

पावसाळ्यात काचेआड बारीक वाफ धरली तर ती दिवे लागल्यावर जाते, काळजी नको. तळाशी पाणी साठत असेल तर गास्केट, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, बदलायचं. सिलिकॉन लावताना हवेची बारीक भोकं बुजवायची नाहीत, नाहीतर पाणी आतच अडकतं.

फ्यूज लागोपाठ उडत असेल, तर मोठ्या अँपिअरचा घालून वेळ मारून न्यायची नाही, गाडी तुमच्याकडेच आणायची, हेही लक्षात आहे. तेवढ्या कामाला आम्ही येऊच, आणि या वेळी मजुरी घ्यायला नाही म्हणू नका.

आपले,
सोसायटीतले गाडीवाले