नाशिकच्या जिगसॉसाठी मनापासून आभार

आपल्या नाशिकचं 500 तुकड्यांचं जिगसॉ छपाईला गेलं! चित्रात काय असावं, हे तुम्ही गिऱ्हाइकांनीच ठरवलंत. दुकानातल्या वहीत भरभरून सूचना लिहिल्यात, पण बहुतेकांनी नाव काही लिहिलं नाही. म्हणून हे जाहीर आभार.

रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात दाखवा, असं कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर चढलं, हे अख्खं शहर या मारुतीवरूनच मोजतं. चित्राचा मध्य तिथेच ठरला. रंगपंचमीची रहाड, म्हणजे उड्या मारायचा रंगीत पाण्याचा हौद, तर कितीतरी जणांना हवीच होती.

काळाराम मंदिर काढताना 1930 चा सत्याग्रह विसरू नका, असं लिहिणाऱ्या हाताला विशेष नमस्कार. मंदिरासमोर आता सत्याग्रही उभे आहेत.

आणि ते आजोबा! "आभाळ कमी करा, नुसत्या निळ्या तुकड्यांना पोरं कंटाळतात," असं बजावून गेले. अगदी खरं. आभाळाची जागा आता नारोशंकर मंदिराच्या घंटेने आणि भांडी बाजारातल्या चकचकीत पितळी पातेल्यांनी घेतली आहे.

तुमची सूचना चित्रात दिसली, तर दुकानात येऊन जरूर सांगा. एक खोका आमच्याकडून भेट.