मंगळावरचा बर्फ वितळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी नात आठवीत आहे. ‘मंगळाच्या ध्रुवावरील बर्फाचे उन्हाळ्यात काय होते?’ या चाचणीतल्या प्रश्नाला तिने ‘उडून जातो’ असे उत्तर लिहिले. बाईंनी ते लाल शाईने खोडून ‘वितळतो’ केले आणि एक गुण कापला. मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. मी नातीच्या बाजूने आहे, आणि ती नात आहे म्हणून नव्हे.

मंगळाच्या ध्रुवांवर हिवाळ्यात जो नवा पांढरा थर चढतो, तो मुख्यतः गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा. तापमान उणे १२५ अंशांच्या आसपास उतरते आणि तिथली हवाच जमिनीवर गोठून बसते. वसंतात ऊन आले की या थराचे पाणी होत नाही, थेट वायू होतो. डबीतली कापराची वडी झिजते तसे. घनाचा असा थेट वायू होणे म्हणजे ‘संप्लवन’; त्याची व्याख्या मुलांना तोंडपाठ असते, ती मंगळाला लावायची मात्र राहून जाते. पाण्याचा बर्फही तिथे आहे, पण तो या थराखालचा, टिकून राहणारा. उत्तर ध्रुवावर तो उन्हाळ्यात उघडा पडतो.

ध्रुवांवरच्या या बर्फाच्या टोप्या ऋतूंप्रमाणे लहानमोठ्या होतात, हे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्षेल यांनी १७८४ मध्येच मांडले होते. पण वर्गात नेण्याजोगी खरी गोष्ट पुढची आहे. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली ‘व्हायकिंग’ ही दोन अवकाशयाने ध्रुवांपासून हजारो किलोमीटर दूर होती, तरी त्यांच्या दाबमापकांना ध्रुवांवर काय चालले आहे ते कळत होते! वातावरणाचा साधारण पाव हिस्सा गोठतो आणि परततो, त्यामुळे दाबाचा आलेख मंगळाच्या एका वर्षात (आपले ६८७ दिवस) दोनदा खाली येतो. एक खड्डा उथळ, दुसरा खोल. खोल खड्डा दक्षिणेच्या हिवाळ्यातला. तेव्हा मंगळ सूर्यापासून जवळजवळ २५ कोटी किलोमीटरवर असतो, सावकाश चालतो आणि तो हिवाळा रेंगाळतो.

‘सूर्य जवळ आला की उन्हाळा’ हा मुलांचा समज पक्का असतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीत, आपण स्वेटर घालतो तेव्हा, हे सांगूनही तो जात नाही. मंगळाचा आस २५ अंशांनी कललेला, म्हणजे जवळपास आपल्यासारखाच. पण कक्षा बरीच लंबगोल. कलण्याचा परिणाम कोणता आणि अंतराचा कोणता, हे तिथे वेगळे काढून दाखवता येते. शिक्षकांनी तो आलेख नावे न घालता मुलांपुढे ठेवावा आणि दोन खड्डे का, एवढेच विचारावे.

गुण अजून परत मिळालेला नाही. नातीने कापराची वडी उघड्यावर ठेवून रोज वजन करायला घेतले आहे. स्वयंपाकघरातला काटा इतका बारीक फरक दाखवत नाही, म्हणून ओळखीच्या सोनाराला विचारले आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक