बाबा, पैसे भरू नका

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेला स्क्रीनचा फोटो नीट पाहिला. ‘पोलिसांनी हा कॉम्प्युटर बंद केला आहे, दंड भरा’ म्हणे! पोलीस असे दंड वसूल करत नाहीत. २०१२च्या सुमारास रेव्हेटन नावाच्या रॅन्समवेअरने (कॉम्प्युटर किंवा फायली अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) युरोपात हेच सोंग आणून लोकांना घाबरवलं होतं. एक पैसाही भरू नका, आणि दादालाही ओरडू नका. भल्याभल्यांकडून असं क्लिक होतं.

आधी इंटरनेट तोडा आणि बाहेरची हार्डडिस्क जोडलेली असेल तर काढा.

तुम्ही विचारलंत, अँटिव्हायरस आत असून गप्प का? हा प्रोग्रॅम विंडोजबरोबरच जागा होतो आणि सगळा पडदा अडवून बसतो. अँटिव्हायरसची खिडकी उघडायलाही जागा ठेवत नाही. म्हणून हा लबाड प्रोग्रॅम झोपलेला असतानाच त्याला गाठायचं. ताईच्या लॅपटॉपवर अँटिव्हायरस कंपनीची रेस्क्यू डिस्क पेनड्राइव्हवर तयार करून घ्या. तुमचा कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला की विंडोज उठतच नाही, विंडोजऐवजी लिनक्स नावाची छोटीशी दुसरी सिस्टीम चालते. तिच्या दृष्टीने तुमची हार्डडिस्क म्हणजे नुसत्या फायलींचा ढीग. त्यातला लबाड ओळखून रेस्क्यू डिस्कवरचा अँटिव्हायरस त्याला बाजूला कोंडतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, त्या लबाडाने स्वतःला सुरू करण्याची जी नोंद घुसवलेली असते, तीही दुरुस्त व्हायला हवी. नाहीतर फाईल गेली, नोंद उरली आणि चालू केल्यावर नुसता काळा पडदा, असं होतं. तसं झालं तरी घाबरू नका, ते सुधारता येतं. बिटलॉकर (हार्डडिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते उघडायचा लांबलचक आकडा, लागेल, ती आधीच शोधून ठेवा.

आता खरी धाकधूक. पडदा मोकळा झाल्यावर फोटो उघडले तर सुटलो. पण फायलींच्या नावांना विचित्र शेपट्या लागल्या असतील आणि त्या उघडत नसतील, तर अँटिव्हायरसने चोर हाकलला तरी कुलूप तसंच राहतं. नीट लिहिलेल्या रॅन्समवेअरची किल्ली चोराकडेच असते, ती अंदाजाने बनवता येत नाही. मग आपला बॅकअप, नाहीतर ‘नो मोअर रॅन्सम’ हा वेबसाइटवरचा उपक्रम. डच पोलीस, युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ साली तो सुरू केला. तिथे काही जातींची कुलपं फुकट उघडून मिळतात. जात ओळखायला एखादी बंद फाईल आणि खंडणीची चिठ्ठी लागते, म्हणून साफसफाईच्या भरात त्या पुसू नका. आज नसलेली किल्ली पुढे मिळाल्याचीही उदाहरणं आहेत.

बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मात्र आजच, फोनवरून बदला.

शनिवारी तुमच्या सकाळी व्हिडिओ कॉल करते. पेनड्राइव्ह लावून ठेवा आणि फोन कीबोर्डकडे धरा. बूट मेनूचं (कॉम्प्युटर कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीचं) बटण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, ते बघून सांगते. तोवर मशीन बंदच राहू दे.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी