टेकू लागलेल्या घरातून निघताना

१२ एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेला आपल्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा (मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल पूर्ण वाचला. चाळीस पानांत कामाचा शब्द एकच आहे: 'सी-२ए'. सी-१ म्हणजे इमारत रिकामी करून पाडायची. सी-२बी म्हणजे माणसं आत राहून दुरुस्ती होऊ शकते. सी-२ए या दोन्हींच्या मधलं, म्हणजे इमारत रिकामी करायची आणि मग मोठी दुरुस्ती. 'टेकू लावलेत, आता काय होतंय' असं तुम्ही फोनवर म्हणालात. पण टेकू वरचं वजन तात्पुरतं तोलतो, स्लॅबला बरं करत नाही. आणि ते टेकू कुणी इंचभरही सरकवू नयेत, कपडे वाळत घालायला दोरी बांधण्यासाठीसुद्धा नाही.

दर दिवाळीला तुम्ही घरातल्या ओल आलेल्या त्या छतावर पुट्टी आणि वॉटरप्रूफ रंग लावता, तरी श्रावणात ते पुन्हा फुगतं. याचं कारण खालच्या बाजूला नाहीच. वरच्या घराच्या बाथरूमचा स्लॅब फूट-दीड फूट खाली घेतलेला आहे आणि त्यात विटांचे तुकडे भरलेत. नहाणीचा सांधा किंवा ट्रॅप (जाळीखालचा वळणाचा पाइप) गळला की पाणी त्या भरावात साठतं आणि वर्षभर झिरपत राहतं. ते सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, कधी सहापटीपर्यंत. आत फुगलेली सळई बाहेरचं काँक्रीट ढकलते, आधी सळईच्या रेषेत तडा जातो आणि मग पापुद्रा सुटतो. खालून रंग लावला की ओल आत कोंडते आणि खालून पाहणाऱ्याला काही महिने काही दिसत नाही, एवढाच त्याचा उपयोग. खरा उपाय वरच्यांची फरशी उखडून, भराव काढून, नव्याने वॉटरप्रूफिंग करणं आणि किमान ४८ तास पाणी भरून ठेवून पाहणं. तो तुमच्या हातात नाही.

तोवर एक करा. लांब काठीने छतावर हलकं ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर त्याखाली पलंग ठेवायचा नाही. आईचा पलंग आजच खिडकीकडे सरकवा.

आता तुमची खरी भीती. 'एकदा बाहेर पडलो की घर गेलं.' बाबा, तुम्ही मालक आहात, भाडेकरू नाही. दुरुस्तीसाठी घर रिकामं केल्याने मालकी जात नाही. कागद मात्र पक्के हवेत. घराचा करारनामा, इंडेक्स-२ (त्याच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट या तिन्हींच्या मूळ प्रती तुमच्याजवळ ठेवा, सोसायटीला झेरॉक्सच द्या. निघण्याआधी सोसायटीकडून लेटरहेडवर एक पत्र घ्या: सदनिका क्रमांक, कार्पेट क्षेत्रफळ, दुरुस्तीसाठी तात्पुरती रिकामी केल्याची तारीख, अंदाजे मुदत. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी टेपने मोजून लिहून ठेवा, टेप भिंतीला टेकलेली दिसेल असे फोटो काढा. किल्ली दिलीत तर पोच घ्या. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर भरत राहा. वीजमीटर बंद करू नका, स्थिर आकार भरणं नव्या जोडणीच्या खेपांपेक्षा स्वस्त पडतं. आणि दुरुस्तीच्या कागदात पुनर्विकासाच्या संमतीची ओळ कुणी घुसवली, तर सही न करता मला फोटो पाठवा.

मुंबई परिसरात पाऊस सरासरीने ११ जूनच्या सुमारास येतो. त्यामुळे सामान २५ मेच्या आत हललेलं हवं. सामान बांधायचा एक आठवडा धरला तर भाड्याचं घर पक्कं करायला जेमतेम पाच आठवडे.

घर बघताना गॅलरी आणि हवा बघण्याआधी बाथरूम बघायचं. आई, हे विशेषतः तुझ्यासाठी. दाराची रुंदी मोज. जुन्या इमारतींत ती सव्वादोन फूट असते आणि व्हीलचेअर सहज जायला अडीच फूट तरी लागतात. आज गरज नाही, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंच तर वॉकर तरी सरळ जायला हवा. उंबरा दोन इंचांपेक्षा उंच नको. दार बाहेर उघडणारं असलं तर उत्तम, कारण आत कुणी पडलं तर अंगच दाराला अडतं आणि आत उघडणारं दार ढकलता येत नाही. दार बदलणं जमलं नाही तर निदान बाहेरून उघडता येणारी कडी बसवून घेऊ. कमोडच्या बाजूच्या भिंतीवर टिचकी मारून बघ, भरीव असली तरच आधाराचा दांडा टिकतो. तो जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर हवा आणि टॉवेलच्या दांड्यावर कधीही भार टाकायचा नाही.

लिफ्ट आहे एवढ्यावर खूश होऊ नका. लिफ्टपर्यंत पोचायला चार पायऱ्या आहेत का ते बघा, बहुतेक ठिकाणी असतात आणि रॅम्प नसतो. चार माणसांच्या, २७२ किलोच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, साधी खुर्ची मावते. लाइट गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का, हे विचारा. मी दुसरा ते चौथा मजला निवडेन. तळमजल्यावर ओल आणि डास, सर्वांत वर गच्चीची गळती आणि मेमधली भट्टी.

ओल शोधायची तर नवीन रंगाला भुलू नका. सगळी भिंत जुनी आणि एकच चौकोन ताजा रंगवलेला असेल, तर तिथेच बघायचं. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवरचं कपाट उघडून आत नाक घाला. स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाच्या पट्टीच्या) वर पांढरी पूड दिसली तर पाणी खालून चढतंय. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत हाताने चाचपा, आपल्याकडचा पाऊस तिथेच थडकतो. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायची भोकं आहेत का बघा. ती नसली किंवा सिमेंटने बुजलेली असली तर पट्टी भरून पाणी थेट गादीवर येतं.

पाण्यासाठी सकाळी आठला जा, तेव्हाच खरा दाब कळतो. पंधरा लिटरची बादली दोन मिनिटांत भरली तर छान. पाच मिनिटं लागली तर ते घर सोडा. बेसिनचा नळ चालू असताना फ्लश ओढून बघा. मे महिन्यात टँकर किती येतात, हे सेक्रेटरीला विचारू नका, वॉचमनला विचारा. वीजपेटीत 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते दाबल्यावर सगळं ट्रिप व्हायला हवं. बटणच नसेल, तर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवून देण्याची अट मालकाला घाला. गिझरला १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट हवा.

भाडेकरार अकरा महिन्यांचाच असतो, ही गैरसमजूत आहे. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला घेण्याचा करार, ६० महिन्यांपर्यंत करता येतो. तुम्ही २४ महिन्यांचा मागा, कारण मोठी दुरुस्ती वर्षात संपेल असं सांगणाऱ्यावर मी पैज लावणार नाही. तुमच्या बाजूने एक महिन्याची नोटीस आणि लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) सहा महिन्यांपेक्षा जास्त नको. नुसती नोटरी चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्काचा हिशोब असा: २२ हजार भाडं धरलं तर २४ महिन्यांचे ५,२८,०००. एक लाख डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के, म्हणजे दोन वर्षांचे २०,०००. एकूण ५,४८,०००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,३७०. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. एजंटचे पैसे वेगळे, पण 'सरकारी खर्च सहा हजार' असं कुणी म्हणालं तर हे आकडे पुढे ठेवा. नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा घरीच घेतात. आधारचं बायोमेट्रिक लॉक असेल तर आदल्या दिवशी उघडून ठेवा. आई, भांडी घासून तुझे ठसे पुसट झालेत, आठवडाभर रात्री बोटांना खोबरेल लाव आणि त्या दिवशी हात कोरडे ठेव. पाहिलेल्या घरातले डाग, तुटका नळ, पंख्यांची संख्या करारासोबतच्या यादीत लिहून घ्या. डिपॉझिट परत मिळवताना त्या यादीचाच आधार होतो.

गॅसचं सोपं आहे. नवा पत्ता त्याच एजन्सीच्या हद्दीत असेल तर फक्त पत्ता बदलायचा. हद्द बदलली तरी शहरातल्या शहरात सिलिंडर परत करावं लागत नाही. बँक आणि पेन्शनची शाखा आहे तीच राहू द्या.

सामान हलवताना फ्रिज आदल्या रात्री बंद करून पुसून घ्या, उभाच न्यायला सांगा. पोचल्यावर चार तास थांबून सुरू करा. आडवा नेला असेल तर चोवीस तास, कारण कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं. वॉशिंग मशीन पुढून उघडणारं आहे, त्याच्या मागचे ट्रान्झिट बोल्ट (नेताना ड्रम पक्का धरणारे) माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. ते न लावता नेलं तर ड्रमचे स्प्रिंग मोडतात. इन्व्हर्टरची बॅटरी उभी, आधी काळी वायर काढायची, नंतर लाल. पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नका. छोटी खोकी, पंधरा किलोच्या आत. मोठं खोकं कुणाला उचलवत नाही आणि तळ फाटतो.

ट्रकमध्ये न जाणारी एक पिशवी: आठ दिवसांच्या गोळ्या, चष्मे, कागदपत्रं, दागिने, टॉर्च, चहा-साखर. आईचं इन्सुलिन थर्मासमध्ये, पण बर्फाच्या पिशवीला चिकटून नको. ते गोठलं तर निकामी होतं, नंतर वितळून घेतलं तरी.

निघताना पाण्याचा मुख्य वाल्व बंद करा. फ्रिजची जागा, माळा आणि मोरी रिकामी आहे का ते दोघांनी वेगवेगळं बघा. देवघर शेवटी उतरवा आणि नव्या घरात आधी लावा. तुळशीचं रोप ट्रकमध्ये खोक्यांखाली जाऊ देऊ नका. ती कुंडी आई मांडीवर घेऊनच येणार, मला माहीत आहे, म्हणून रिक्षा नको, गाडी सांगा.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तोवर दोन घरं बादली लावून बघून ठेवा.

तुमची,
मनू