एनसीव्ही नॉर्मल आली म्हणून जीबीएस नाही, असं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते तो आजार) पेशंट वाढले तेव्हापासून एनसीव्ही (नसांतून सिग्नल कसा आणि किती वेगाने जातो ते बघणारी टेस्ट) हे नाव पुण्यात घरोघरी पोचलंय. आता जरा मुंग्या आल्या की लोक टेस्ट करून मोकळे, आणि मग रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर. मी न्यूरॉलॉजीच्या लॅबमध्ये हीच टेस्ट करतो (पेशंटच्या भाषेत 'शॉकवाले'), म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी टेस्ट कितव्या दिवशी झाली ते बघा हो. जीबीएसमध्ये सुरुवातीला बऱ्याचदा मणक्याजवळ, नसांच्या मुळाशी मार बसतो आणि आम्ही शॉक देतो मनगटाला, कोपराला, घोट्याला, त्यामुळे पहिल्या आठवड्यात आकडे जवळपास नॉर्मल येऊ शकतात, फार तर मणक्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या सिग्नलांपैकी एफ वेव्ह उशिरा येते किंवा पायातला एच रिफ्लेक्स मिळत नाही, बास. माणसाला जिना चढवत नाहीये, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय हलत नाहीये आणि घरचे म्हणतात रिपोर्ट चांगला आहे, डिस्चार्ज द्या! उद्या श्वासाचे स्नायू ढिले पडले तर? निदान डॉक्टर पेशंट तपासून करतात, टेस्ट एक-दोन आठवड्यांनी परत करता येते.

दुसरं म्हणजे सगळ्यांचा डोळा वेगावर. हातात साधारण 50 आणि पायात 40 मीटर प्रति सेकंदाच्या वर म्हणजे ठीक, पण नुसता वेग कमी झाल्याने हात लुळा पडत नाही. समजा अल्नर नसेला (कोपरामागून करंगळीकडे जाते ती) मनगटावर शॉक दिला आणि करंगळीच्या बाजूच्या स्नायूचा ग्राफ 8 मिलिव्होल्टचा आला, तोच कोपराच्या वर दिला तर 3 चा. म्हणजे नस शाबूत आहे, मधे मायलिन (तंतूवरचं आवरण) गेल्यामुळे बऱ्याच तंतूंचा सिग्नल अडतोय. याला कंडक्शन ब्लॉक म्हणतात, ताकद जाते ती यामुळे. आणि खरं तर ही त्यातल्या त्यात बरी बातमी, कारण मायलिन परत चढतं, काही आठवडे-महिने लागतात. मनगट आणि कोपर दोन्हीकडे ग्राफ बारीक आला तर आतला तंतूच, म्हणजे अॅक्सॉन, गेला असेल अशी शंका येते, पण तेही पहिल्याच टेस्टवर ठामपणे सांगता येत नाही, थोड्या दिवसांत ग्राफ परत वर आलेले पेशंट असतात.

जुना डायबेटिस असेल तर अजून गोंधळ. त्यात पायातली संवेदनेची सुरल नस बहुतेक आधी जाते, जीबीएसमध्ये मात्र हाताच्या संवेदनेच्या नसा बिघडलेल्या आणि सुरल चक्क नॉर्मल, असं पुष्कळदा दिसतं. आणि एसीत बसून हात गार पडले असतील तर एका डिग्रीला वेग साधारण दोन मीटरने उतरतो, धडधाकट माणसाचाही! म्हणून आधी हात गरम करून घ्यायचे असतात, गर्दीच्या दिवशी ते कुठे कुठे राहूनच जातं.

मी पाहिलेल्या बऱ्याच रिपोर्टांवर त्रास कधी सुरू झाला ती तारीख नसते, हातापायाचं तापमानही नसतं. या दोन ओळी छापायला लॅबना काही खर्च येत नाही. तोवर नातेवाइकांनीच ती तारीख पेनाने रिपोर्टवर लिहून ठेवावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ते सगळ्यात आधी तेच विचारतील.

आपला,
एक ईएमजी (नसा-स्नायूंची तपासणी) टेक्निशियन, पुणे